ओक सरांच्या बरणीतला माल

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. निवला की माझा धीरही निवतो. फक्त एक करा, ऐकताना तोंडात घोट धरू नका. मागे एकाने धरला होता, मला सदरा बदलावा लागला.

तर माझी ही फजिती झाली कशामुळे? मी हुशार होतो म्हणून! बावळट माणसाची अशी कधी होत नाही. तो आपला रविवारी दुपारी जेवून आडवा होतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला तेव्हा कुठे कारखाने उभे राहायला लागले होते. मी मूळचा संगमेश्वरकडचा. तिथून उठून आलो आणि एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात चिकटलो. काम काय? गेटवर बसायचं आणि संशय घ्यायचा. आत येणारा प्रत्येक कामगार आपला पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा. कोण स्वतःचाच टांगतोय आणि कोण हळूच दांडी मारलेल्या मित्राचाही टांगतोय, हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचं. या कामात माझी नजर अशी तयार झाली म्हणता! घरी दूध आलं तरी मी आधी दुधाकडे बघायचो, मग दूधवाल्याकडे, आणि मग म्हशीची चौकशी करायचो. बायको म्हणायची, "अहो, ही कंपनी नाही, घर आहे." पण एकदा लागलेली सवय अशी सुटते होय?

कंपनीची क्वार्टर्स मिळायला अवकाश होता. म्हणून पिंपळे गुरवला सोपानतात्यांच्या खोलीत बिऱ्हाड केलं. आजचं पिंपळे गुरव डोळ्यांसमोर आणू नका हं! तेव्हा पवनेच्या काठाने कांद्याचे वाफे, पलीकडे ज्वारी, आणि दिवेलागणीला दारोदार कंदील. सोपानतात्या गावातले जुने शेतकरी. कारखान्यांमुळे बाहेरची माणसं जागा शोधत येतात हे बघून त्यांनी गोठ्याला लागून दगडमातीच्या खोल्यांची एक ओळ काढली होती. टोकाच्या खोलीत मी आणि माझी बायको इंदू. शेजारची खोली रिकामी होती.

तिथे एके दिवशी ओक सर आले.

किडकिडीत अंगकाठी, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर चुरगळलेली टोपी. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवतात म्हणाले. आता मला सांगा, पुण्याच्या कॉलेजात शिकवणारा माणूस पुणं सोडून पिंपळे गुरवला गोठ्याशेजारी कशाला राहील? बैलगाडीतून त्यांची ट्रंक उतरवली तर आतून खळखळ आवाज. काचेचा! गाडीवान जरा हिसका देऊन ट्रंक ओढायला गेला तसे सर ओरडले, "जपून! सांडेल!"

ट्रंकेतून काय सांडतं हो? कपडे सांडतात? पुस्तकं सांडतात?

नवीन जागी आलेला माणूस काय विचारतो? पाणी कुठून आणायचं, दूध कोण घालतं, पोस्ट कुठे आहे. ह्यांनी तात्यांना पहिला प्रश्न केला, "भिंतींना भेगा आहेत का?"

तात्या ओशाळले. "हायेत थोड्या, मास्तर. उद्याच माती लावून बुजवून देतो."

"छे छे! अजिबात बुजवू नका. भेगा बघूनच तर मी ही खोली घेतोय."

मनात शंकेची पाल चुकचुकणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

तुमच्यातल्या तरुणांना सांगायला हवं, त्या काळी आपल्याकडे दारूबंदी होती. कडक! माल सापडायलाच हवा असं नव्हे, नुसता तोंडाला वास आला तरी हवालदार मनगट धरायचा. आणि आमच्या कारखान्यात ज्याचं मनगट हवालदाराने धरलं, त्याचा बिल्ला दुसऱ्या दिवशी फळ्यावरून कायमचा उतरायचा. बंदी असली म्हणून प्यायचं कोण थांबलं होतं म्हणा! फक्त सगळं गुपचूप चालायचं. पुनावळ्याच्या ओढ्यात भट्ट्या, देहूरोडच्या खाणींत भट्ट्या, असं सगळे कुजबुजायचे. डोळ्यांनी कोणी बघितलेली नसायची.

आणि इकडे शेजारच्या खोलीतून वास यायला लागला.

इंदू म्हणाली, "दवाखान्यासारखा वास येतोय नाही?"

"दवाखान्यात रोगी असतात," मी म्हणालो. "इथे कोण आजारी आहे?"

"तुम्ही," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मी नजर ठेवली. कामावरून सायकलीने परत येईपर्यंत दिवस कलायचा, आणि बरोबर त्याच सुमाराला ओक सर बाहेर पडायचे. खांद्याला झोळी, हातात बॅटरी, दुसऱ्या हातात टोकाला आकडा बसवलेली काठी. परत यायचे ते गुडघ्यापर्यंत मातीने माखून. एकदा मी मुद्दाम दारात उभा राहिलो.

"काय सर, कुणीकडून?"

"देहूरोडच्या बाजूला गेलो होतो. दगडांत."

"काय मिळालं का?"

"मिळाली!" त्यांचा चेहरा असा खुलला म्हणता! मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "तात्यांना सांगू नका हं. त्यांना आवडत नाही ती घरात आणलेली."

ऐकलंत? ती! मिळाली!

दोन-चार दिवसांनी तर ते थेट आमच्या दारात. "वहिनी, रुंद तोंडाची काचेची बरणी असेल का एखादी? झाकण घट्ट हवं. जराही उडून जाता कामा नये."

इंदूने लोणच्याची रिकामी झालेली बरणी घासून, उन्हात वाळवून दिली सुद्धा! मी घरी आल्यावर हे कळलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, तू गुन्ह्यात सामील झालीस!"

"बरणी दिली हो मी. बंदूक नाही दिली."

मी तात्यांना गाठलं. गोठ्यापाशी बसले होते. डोळे लालभडक!

"तात्या, हे ओक सर काय करतात हो खोलीत?"

"मास्तर हायेत. वाचीत बसत्यात."

"आणि तो वास?"

"मला न्हाई येत बा कसला वास. मानूस सरळ हाय, सदाभाऊ. तुमी उगं कायबी डोक्यात घेऊ नका."

"तुमचे डोळे का लाल झालेत?"

"सकाळधरनं कांदा कापतोय न्हवं!"

कांदा! गुन्हेगार पकडले गेले की असलीच उत्तरं देतात. आमच्या गेटवर बिल्ला-चोर म्हणायचे, मित्राला ताप आलाय. म्हणजे तात्याही त्यात आहेत, हे मी मनाशी पक्कं केलं.

पुढच्या रविवारी सरांकडे पुण्याहून एक पाहुणा आला. काळी टोपी, हातात पिशवी, आणि पिशवीतून पुन्हा तोच काचेचा किणकिणाट. दोघे दार लोटून बसले. मधल्या भिंतीतल्या ज्या भेगांवर सरांचं एवढं प्रेम होतं, त्यांतल्या एकीला मी कान लावला.

"पुनावळ्याकडे मातीतली मिळते," ओक सर सांगत होते. "वारुळांच्या आसपास बघायची. देहूरोडला दगडातली. ती दांडगी! पण खरी मजा घाटात आहे. तिथे झाडावरची."

"आणि घरगुती?" पाहुण्याने विचारलं.

"घरगुती काय, घरोघर आहे! ह्या तात्यांकडेच बघा ना. कंदील लागायचा अवकाश, की आलीच बाहेर."

"लोक उगाच घाबरतात हो."

"अज्ञान, दुसरं काय! म्हणे विषारी आहे. मी इतकी वर्षं नाद केला, मला काही झालं? उलट ज्या घरात आहे त्या घराने आनंद मानावा. मला तर संध्याकाळी एकदा तरी दिसल्याशिवाय चैन पडत नाही."

"माझी तीच गत," पाहुणा हसला. "बायको वैतागलीय. म्हणते, घरात एक तर मी राहीन, नाहीतर ती."

भेगेपासून कान काढला आणि एकेका शब्दाचा अर्थ लावला. मातीतली म्हणजे जमिनीत मडकी पुरून आंबवलेली. दगडातली म्हणजे खाणीतल्या भट्टीची. आणि झाडावरची? अहो, कोकणातल्या माणसाला झाडावरची म्हणजे काय हे सांगावं लागतं? माडी! एवढंच नव्हे, तात्यांची घरगुती वेगळी, ती कंदील लागल्यावर बाहेर येते!

इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी दारू हा शब्द उच्चारला का?"

"चोर कधी चोरी हा शब्द उच्चारतो?"

"मग तुम्ही बोलूच नका त्यांच्याबद्दल. बिचारे भेटले की नीट विचारपूस करतात."

पण मला राहवेना. पिंपरीच्या चौकीवर गेलो. तिथले हवालदार म्हणजे भरगच्च मिशांचा, शांत डोळ्यांचा माणूस. मी सगळी हकिकत सांगितली. मातीतली, दगडातली, झाडावरची. ते ऐकत होते आणि कान कोरत होते.

"माल डोळ्यांनी बघितला का?"

"वास येतो ना."

"वासावर मी धाड घालायची, आणि आत निघायचं औषध. मग मला साहेब बोलणार. तुम्ही असं करा, माल तोच आहे याची खात्री करून ठेवा. रविवारी चहाच्या वेळेला मी तिकडं येतोच आहे. पक्कं असेल तर आत शिरतो, नसेल तर चहा पिऊन जातो."

रविवार उजाडला. दुपारी जेवणं झाल्यावर ओक सर झोळी घेऊन पुनावळ्याच्या दिशेने गेले. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी! आता साधा माणूस याचा काय अर्थ घेईल? लपवण्यासारखं काही नाही, असाच ना? मी म्हणालो, बघा, कसा बनेल आहे! कुणाला संशय येऊ नये म्हणून कुलूपही लावत नाही!

इंदूचा डोळा लागला होता. मी कडी काढली.

आत अंधार. खिडकीला जाड काळं कापड. डोळे सरावले तेव्हा फळीवर बाटल्या-बरण्यांची रांगच दिसली, प्रत्येकीला खाकी कागद गुंडाळलेला. टोकाला आमची लोणच्याची बरणी. ओळखीची म्हणून तीच उचलली. झाकण फिरवलं आणि असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी!

आता खात्री करायची कशी? आयुष्यात कधी थेंब चाखला नव्हता. पण हवालदार विचारणार, पक्कं का? आणि मी काय सांगणार, वासावरून वाटतं? छे. कर्तव्य म्हणजे कर्तव्य! मी देवाचं नाव घेतलं, बरणी तोंडाला लावली आणि एक घोट घेतला.

बाप रे! जीभ गेली, घसा गेला, पोटात कोणी तरी निखाऱ्यांची घमेली उपडी केली. पण त्या घोटाबरोबर काही तरी गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढं, सळकन घशाखाली गेलं. म्हटलं, लोणच्याची फोड राहिली असेल तळाशी. इंदूने बरणी नीट घासलेली दिसत नाही!

आणि तेवढ्यात बरणीतलं दुसरं काही तरी येऊन माझ्या ओठाला टेकलं.

मऊ. थंड. आणि त्याला बोटं होती.

मी बरणी खिडकीशी नेली, काळं कापड सरकवलं, खाकी कागद फाडला. काचेच्या आतून एक पाल माझ्याकडे बघत होती! तिचे वाटोळे डोळे उघडे, पाय फाकलेले, शेपूट वेटोळी. पापणी नाही, हलणं नाही. नुसती बघतेय!

मग जी बोंब ठोकली, ती पवनेपलीकडे गेली असेल. पाल म्हणजे विष, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो होतो. आमटीत पाल पडली म्हणून अख्खं लग्न दवाखान्यात गेल्याच्या गोष्टी ऐकत मोठे झालो होतो. माझं काय होणार? मी अंगणात येऊन आडवाच झालो.

"इंदू! मी चाललो गं!"

इंदू धावत आली. "कुठे?"

"वर!"

गोठ्यातून तात्या आले. काय झालं ते ऐकल्यावर त्यांनी माझी मान धरून खाली वाकवली आणि पाठीवर धपाधप थापा मारायला सुरुवात केली. "ओका! सदाभाऊ, ओका! जोर लावा! ओका!"

"आलो, आलो!" फाटकातून आवाज आला. "काय झालं? कोण हाका मारतंय?"

ओक सर! झोळी सावरत पळत आले. इंदूने रडत रडत सगळं सांगितलं, की ह्यांनी तुमच्या बरणीतलं प्यायलं. माझी खात्री होती, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. चोरून खोलीत शिरलो होतो, कागद फाडला होता. पण त्यांनी एवढंच विचारलं, "किती प्यायलात?"

"एक घोट."

"मग मरत नाही तुम्ही. पालीला विष नसतं. स्पिरिटने घसा पोळला असेल, तो उतरेल." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर भीती उमटली. "कोणत्या बरणीतलं?"

"लोणच्याच्या."

"घाटातली! झाडावरची!" सर आत धावले, बरणी घेऊन आले, उन्हात धरून फिरवून फिरवून बघितली. "आई आहे. पिल्लू कुठाय?"

माझ्या हळूहळू लक्षात आलं, की ती लोणच्याची फोड नव्हती.

सगळे माझ्या पोटाकडे बघत होते. आणि नेमके त्याच वेळी फाटकातून हवालदार आत आले.

"काय सदाभाऊ, पक्कं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेच चुकलं! हवालदारांच्या मिशा थरारल्या. ते जवळ आले, वाकले, हुंगलं, आणि माझं मनगट धरलं.

"वा! खबर देणारे तुम्ही, आणि वास तुमच्याच तोंडाला?"

"अहो, खात्री करायला..."

"सगळे असंच म्हणतात." ते ओक सरांकडे वळले. "माल तुमचा?"

"माझा. म्हणजे कॉलेजचा," सर म्हणाले. "कॉलेजला परवाना आहे त्याचा. पाली ठेवायला लागतं हे स्पिरिट." त्यांनी एकेका बाटलीचा कागद काढून दाखवला. ही वारुळाजवळची, ही दगडातली, हिच्या पाठीवर ठिपके बघा. दगडातली चांगली वीतभर होती. ती बघून हवालदार एवढे मागे सरकले की तात्यांच्या पायावर पाय पडला. पण माझं मनगट काही सोडलं नाही.

"तुमचं ठीक आहे, मास्तर. पण ह्यांना परवाना नाही. ह्यांना चौकीवर न्यावं लागणार."

माझ्या डोळ्यांपुढे आमचा फळा आला. त्यावरची माझ्या बिल्ल्याची खुंटी, रिकामी. नवीन बिऱ्हाड, गावाकडे आईवडील माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. इंदूने पदर तोंडात धरला. मंडळी, इतका वेळ हसवलं तुम्हाला, पण त्या क्षणी मला खरंच रडू फुटलं होतं.

आणि ओक सर मध्ये पडले. ज्या माणसाला मी तुरुंगात धाडायला निघालो होतो, तो हवालदारांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यांनी दारू प्यायलेली नाही. पाल प्यायली आहे."

"म्हणजे?"

"त्या बरणीत पिल्लू होतं. ते ह्यांच्या पोटात आहे. दारू पिणारा माणूस पालीसकट पितो का कधी?"

हवालदार विचारात पडले. "मास्तर, पाल प्यायला असं लिहिलं तर साहेब मलाच विचारतील, तू काय प्यायला होतास. नुसत्या बोलण्यावर नाही सोडता येत. पाल दाखवा, मी जातो. नाहीतर ह्यांना नेतो."

झालं! आता सगळं माझ्या पोटावर आलं. इंदूने मिठाचं कोमट पाणी केलं. तांब्यामागून तांब्या. तात्या पाठीवर थापा मारतायत. गल्लीतली माणसं जमली, बायका भिंतीवरून बघतायत, कोणी म्हणे घशात बोट घाला, कोणी म्हणे उलटं टांगा. हवालदार मनगट धरून बाजल्यावर बसलेले. आणि ओक सर माझ्या शेजारी उकिडवे, पाठीवर हात फिरवत, मला धीर यावा म्हणून पालींबद्दल सांगतायत! अहो, मला कसला धीर येणार? पण ऐकण्याशिवाय इलाज नव्हता.

"तुमच्या पोटात आहे ना, ती दिवसा हिंडणारी," सर सांगत होते. "म्हणून तिचं बुबुळ गोल. आपल्या घरातली रात्री हिंडते, तिचं बुबुळ उन्हात मांजरासारखं उभं होतं. पापणी कोणालाच नाही. डोळ्यात धूळ गेली की जिभेने चाटून पुसतात."

मला एकदम ढवळून आलं. "सर, पुढचं सांगा," इंदू म्हणाली, "काम होतंय."

"घरातलीच्या बोटांखाली बारीक पट्ट्या असतात, म्हणून ती छतालाही उलटी चालते. घाटातलीला त्या नाहीत, ती नखांनी साल धरते. अंडी घालणार दोनच, तीही भेगेत."

"आन तुमी म्हनूनच भेगा बुजवू दिल्या न्हाईत व्हय!" तात्या थापा मारायचे थांबले.

"तर काय! अहो तात्या, तुमच्या कंदिलाभोवती संध्याकाळी जी चिलटं, डास, पाकोळ्या येतात, त्या खातं कोण? नदीकाठचं गाव हे. भिंतीवरच्या चार पाली हाकलून बघा, आठवड्यात डासांनी सगळ्यांना फोडून काढलं नाही तर मला सांगा. आणि तिला घुबड खातं, साप खातो, मांजर खातं."

"आणि सदाभाऊ खातात," हवालदार म्हणाले.

सगळी गल्ली हसली. आणि काय सांगू, मलाही हसू आलं. पोटात मिठाचं पाणी, वरून हसू! दोन्ही एकत्र झालं आणि जे व्हायचं ते झालं. तपशिलात जात नाही, तुमचा चहा संपायचाय. इंदूने चहाची गाळणी पुढे केली, एवढंच सांगतो.

"आली!" ओक सर ओरडले. "शेपटीसकट आली! कुठे मोडली नाही!"

गल्लीत टाळ्या पडल्या. खरंच पडल्या! बायको बाळंत झाल्यावर दारात बसलेल्या नवऱ्याकडेही कोणी इतक्या कौतुकाने बघत नसेल. हवालदारांनी गाळणीत डोकावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि माझं मनगट सोडलं.

"सुटलात. पुन्हा कधी खबर द्यायची झाली, तर कोरड्या तोंडानं द्या."

"चहा घेऊन जा ना," इंदू म्हणाली.

हवालदारांनी गाळणीकडे बघितलं. "नको," म्हणाले, आणि गेले.

मी ओक सरांचे पाय धरायला वाकलो. ते मागे सरले. म्हणाले, "अहो, पाय कसले धरता? इतक्या सगळ्या गावकऱ्यांनी उभं राहून पालीबद्दल कधी ऐकलं असतं का? मी चावडीवर व्याख्यान ठेवलं असतं तर कुत्रंसुद्धा आलं नसतं." त्यांच्या आवाजात राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला. गेटवर बसून कमावलेली माझी नजर सगळी पणाला लावली. सापडला नाही.

पुढे आमची चांगली दोस्ती जमली. रविवारी मी त्यांच्याबरोबर दगड उलटायला जायला लागलो. बॅटरी मी धरायची, पाल त्यांनी. मीही शिकत गेलो. घरात इंदूने केरसुणी घेऊन पालीमागे धावणं सोडलं.

वर्षभराने सरांनी आम्हा दोघांना पुण्याला कॉलेजात बोलावलं. त्यांनी जमवलेल्या सगळ्या पाली काचेच्या कपाटात मांडल्या होत्या आणि विद्यार्थ्यांना दाखवायच्या होत्या. मी लग्नातला कोट घालून गेलो. मुलंमुली दाटीवाटीने उभी. सर एकेका बाटलीवर काठी टेकवत निघाले. "ही मातीतली, पुनावळ्याची. ही दगडातली, देहूरोडची. ही घरातली. ही झाडावरची, घाटातली." मग एका इवल्याशा बाटलीपाशी ते थांबले. शास्त्राचा माणूस! खोटं बोलणार नाही, आणि अर्धवटही सांगणार नाही.

"आणि हे तिचंच पिल्लू. हे मला दोनदा मिळालं. पहिल्यांदा घाटात, झाडाच्या सालीवर. दुसऱ्यांदा ह्या गृहस्थांच्या पोटात."

सगळ्या वर्गाने आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कोटाच्या खिशात हात घालून आढ्याकडे बघत राहिलो. इंदू शेजारच्या बाईंना अगदी रंगवून गाळणीची हकिकत सांगायला लागली.

मागच्या रांगेतून एक चष्मेवाली मुलगी पुढे आली. अतिशय गंभीर. हुशार मुलं असतात ना, अगदी तशी. तिने विचारलं, "सर, त्या ठिकाणी आणखी सापडतील का?"

आता ओक सरांनी हसून सोडून द्यायचं की नाही? नाही! त्यांनी चष्मा वर केला, माझ्या कोटाच्या बटणांकडे नीट निरखून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नाहीत असं छातीठोक सांगता येणार नाही. तिथे आजवर आपण एकदाच बघितलंय."